जीएसएम मॉड्यूल "मेलं" म्हणण्याआधी विचारायचे पाच प्रश्न



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की बारामती-इंदापूरकडच्या शाळांमध्ये एक प्रकल्प हमखास दिसतो. मोबाईलवरून चालू-बंद होणारी शेतातली मोटार. एक आर्डुइनो, एक रिले, एक छोटा पंप आणि सिमकार्ड घालायचं एक लहानसं लाल रंगाचं मॉड्यूल. या प्रकल्पाबरोबर एक वाक्यही हमखास ऐकू येतं, "सर, मॉड्यूल गेलंय, दुसरं मागवावं लागेल."

मग पालक पुन्हा काही शे रुपये खर्च करतात, दुसरं मॉड्यूल येतं, आणि तेही तसंच वागतं. तोवर प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं असतं. शेवटी प्रकल्पाच्या जागी थर्माकोलची प्रतिकृती जाते आणि मूल मनाशी ठरवून टाकतं की आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स जमत नाही. पैशाचं नुकसान भरून निघतं, पण हे दुसरं नुकसान भरून निघायला फार वेळ लागतो.

आजच्या लेखात एवढंच सांगायचं आहे की हे मॉड्यूल सहसा मेलेलं नसतं. ते कुठेतरी अडलेलं असतं, आणि कुठे अडलंय हे पाच प्रश्न क्रमाने विचारले की बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. सहावी-सातवीची मुलं हे प्रश्न स्वतः विचारू शकतात.

हा प्रकल्प आपल्याच मुलांना का सुचतो?

कारण तो त्यांच्या घरातला आहे. आपल्याकडे ऊस, पाणी आणि वीज या तिन्हीचं वेळापत्रक घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्यावरून किंवा नदीवरून काही किलोमीटर पाइपलाइन टाकून पाणी आणलेलं असतं. म्हणजे मोटार नदीकाठी आणि रान भलतीकडे. रात्री लाइट आली की वडील बॅटरी घेऊन अंधारातून, साप-विंचवाच्या वाटेने मोटार चालू करायला जातात हे मुलांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे "फोनवरून मोटार चालू झाली तर?" हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आणि हा प्रश्न घेऊन मोठी माणसंही कामाला लागलेली आहेत. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी "नॅनो गणेश" हे मोबाईलवरून शेतपंप चालवायचं यंत्र तयार केलं आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. आज गावोगावी स्टार्टरच्या पेटीशेजारी "मोबाईल स्टार्टर" दिसतो, तो याच कल्पनेचा. मुलांना हे जरूर सांगा. आपला प्रकल्प हा खेळ नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने हे काम जगापुढे नेलंय, हे कळलं की मुलं वेगळ्या उत्साहाने बसतात.

मॉड्यूल म्हणजे काय?

स्क्रीन, कीपॅड, स्पीकर सगळं काढून टाकलेला मोबाईल फोन, असं मुलांना सांगा. शाळांमध्ये बहुधा सिम ८०० एल हे मॉड्यूल असतं. सिमकॉम या चिनी कंपनीची ही चिप. फोन करणं, मेसेज पाठवणं, मेसेज घेणं ही कामं ती करते. पण बटणं नसल्यामुळे तिला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. त्या आज्ञा आर्डुइनो देतो.

आता अडलेलं कुठे असू शकतं? पाच ठिकाणी. पोटाला मिळतंय का (वीज), बोलतंय का (आर्डुइनोशी जोडणी), ओळखपत्र आहे का (सिम), गाव सापडलंय का (नेटवर्क) आणि निरोप नीट लिहिलाय का (मेसेज). हा क्रम महत्त्वाचा आहे. उपाशी माणसाला पत्ता विचारून उपयोग नसतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, हा नियम फळ्यावर लिहून ठेवा.

प्रश्न १ : पोटाला मिळतंय का?

निम्म्याहून जास्त वेळ याच प्रश्नाला द्यावा, कारण सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच अडतात.

लाल रंगाच्या छोट्या सिम ८०० एल बोर्डला ३.४ ते ४.४ व्होल्ट एवढीच वीज चालते. साधारण ४ व्होल्ट उत्तम. म्हणजे आर्डुइनोची ५ व्होल्टची पिन त्याला जास्त आणि ३.३ व्होल्टची पिन कमी. (निळ्या रंगाचा, "व्ही २" लिहिलेला बोर्ड ५ व्होल्टवर चालतो. त्यामुळे आधी बोर्ड कोणता आहे ते वाचा.)

पण व्होल्टेज बरोबर असूनही मॉड्यूल अडतं, आणि तिथेच मुलं गोंधळतात. मल्टिमीटर लावला तर ४ व्होल्ट दाखवतो. मग बिघाड काय?

हे समजायला पाटाच्या पाण्याची पाळी आठवा. एका चारीवर आठ शेतकरी असतील तर प्रत्येकाला ठरलेल्या वेळी पाणी मिळतं. टूजी नेटवर्क तसंच चालतं. एका वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. सगळ्यांची मिळून एक फेरी ४.६१५ मिलिसेकंदांत होते, म्हणजे एकाच्या वाट्याला ०.५७७ मिलिसेकंद. स्वतःची पाळी आली की मॉड्यूल तेवढ्या क्षणात टॉवरपर्यंत पोचेल असं ओरडतं, आणि त्या क्षणी त्याला २ ॲम्पिअरपर्यंत करंट लागतो. पाळी संपली की पुन्हा शांत. असं सेकंदाला सुमारे २१७ वेळा.

मुलांना याचा पुरावा हवा असेल तर सोपा आहे. शाळेच्या लाउडस्पीकरजवळ किंवा रेडिओजवळ फोन असला की रिंग वाजण्याआधी "टिर्र-टिट-टिट" असा आवाज येतो ना? तो हाच. टूजीवर बोलणाऱ्या फोनच्या या ओरडण्याची स्पीकरच्या वायरमध्ये उमटलेली खूण.

आता आर्डुइनोला संगणकाच्या यूएसबीवरून वीज दिली असेल, तर साधारणपणे अर्धा ॲम्पिअर मिळतो. त्यातून दोन ॲम्पिअर कुठून येणार? एकाच डीपीवर सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की घरातला बल्ब मंद होतो. तसंच इथे होतं. मॉड्यूल ओरडायला जातं, व्होल्टेज क्षणभर ३.४ च्या खाली घसरतं, मॉड्यूल बंद पडतं, पुन्हा चालू होतं, पुन्हा टॉवर शोधायला जातं आणि पुन्हा बंद पडतं. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली तरी हेच. तिचं व्होल्टेज जास्त दिसतं, पण एवढा करंट देणं तिच्या आवाक्यात नाही.

मल्टिमीटरला हे का दिसत नाही? कारण तो सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो आणि घसरण एका मिलिसेकंदाच्या आतली आहे. "मीटर बरोबर दाखवतोय" आणि "वीज बरोबर मिळतेय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना समजलं तर माझ्या मते प्रकल्पाचा अर्धा हेतू साध्य झाला.

घसरण ओळखायची खूण म्हणजे मॉड्यूलवरचा छोटा दिवा. तो सात-आठ वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. असं चक्र दिसलं तर आधी विजेवर संशय घ्या.

उपाय काय करायचे?

एक, मॉड्यूलला स्वतंत्र वीज द्या. १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर आणि एलएम २५९६ चा बक कन्व्हर्टर घेऊन त्याचा स्क्रू फिरवून आउटपुट बरोबर ४ व्होल्टवर आणा. मॉड्यूल जोडण्याआधी आणा, नंतर नाही. किंवा चांगल्या दर्जाचा १८६५० लिथियम सेल वापरा. तो पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, म्हणजे मॉड्यूलच्या मर्यादेत बसतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला थकलेला सेल मात्र व्होल्टेज दाखवेल आणि करंट देणार नाही.

दोन, वायर आखूड आणि जाड वापरा. हा मुद्दा गणिताच्या तासाला घेण्यासारखा आहे. समजा ब्रेडबोर्ड आणि बारीक जंपर वायर मिळून ०.३ ओहम रोध आहे. २ ॲम्पिअर वाहिला तर ०.३ गुणिले २ बरोबर ०.६ व्होल्ट वायरमध्येच गेले. ४ मधून ०.६ वजा केले की ३.४, म्हणजे मॉड्यूल अगदी काठावर. नुसती वायर बदलून चालू झालेला प्रकल्प पाहिला की ओहमचा नियम पुन्हा पाठ करून घ्यावा लागत नाही.

तीन, मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. नळाला पाणी कमी आलं तर दारातला रांजण उपयोगी पडतो, तसा तो. पण रांजण म्हणजे विहीर नव्हे. एकट्या १००० मायक्रोफॅरडने पूर्ण २ ॲम्पिअर द्यायचे म्हटले तर एका पाळीतच व्होल्टेज एक व्होल्टहून जास्त उतरेल. म्हणून कपॅसिटर मदतनीस, मूळ वीज सक्षमच हवी. कपॅसिटरची ऋण बाजू ओळखून लावायची, उलटी लावली तर तो फुटू शकतो.

पॉवर बँक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी घेतला जात असेल तर आपोआप बंद होतात. मॉड्यूल शांत बसलेलं असताना नेमकं हेच होतं आणि मुलांना वाटतं मॉड्यूल बंद पडलं.

प्रश्न २ : बोलतंय का?

आता आज्ञांची गोष्ट. १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या मोडेमसाठी काही छोट्या आज्ञा ठरवल्या गेल्या. प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला ए आणि टी ही दोन अक्षरं. "अटेन्शन" या शब्दाची ती पहिली दोन. म्हणजे आपल्या कवायतीच्या तासातलं "सावधान!" चाळीसहून अधिक वर्षांनंतरही आपलं मॉड्यूल हाच "सावधान" ऐकतं.

संगणकावरच्या सीरियल मॉनिटरमध्ये इंग्रजी मोठ्या लिपीत फक्त ए-टी टाइप करा आणि एंटर दाबा. मॉड्यूलने "ओके" म्हटलं तर ते जिवंत आहे. एवढ्याने "मॉड्यूल गेलंय" हे वाक्य वर्गात बंद होतं.

उत्तर आलंच नाही तर चार गोष्टी तपासा.

१. टीएक्स आणि आरएक्स उलटसुलट जोडलेत का? एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला हवं. आर्डुइनोचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला, आणि उलट. दोन्हीकडे तोंडाला तोंड जोडलं तर कुणीच ऐकत नाही.

२. आर्डुइनोचं आणि मॉड्यूलचं ग्राउंड एकमेकांना जोडलंय का? वीज वेगळी दिली की ही वायर हमखास राहते.

३. सीरियल मॉनिटरमध्ये ओळ संपल्याची खूण ("बोथ एनएल अँड सीआर") निवडलीय का? ती नसेल तर मॉड्यूल वाक्य संपायची वाट बघत बसतं.

४. वेग जुळतोय का? उत्तराऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली तर वेग चुकलाय. ९६०० ठेवून पाहा.

आणखी एक काळजी. आर्डुइनो उनो ५ व्होल्टमध्ये बोलतो, सिम ८०० एल चा कान सुमारे २.८ व्होल्टचा आहे. थेट जोडलं तर काही दिवस चालतं, पण कान खराब होऊ शकतो. १० किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर मालिकेत लावून मधल्या बिंदूवरून आरएक्सला वायर घ्या. ५ चे निम्मे २.५ व्होल्ट मिळतात आणि मॉड्यूलला ते नीट ऐकू येतात. मॉड्यूलकडून आर्डुइनोकडे येणारी वायर थेट चालते.

प्रश्न ३ : ओळखपत्र आहे का?

टाइप करा : ए-टी, अधिकचं चिन्ह, सी-पी-आय-एन, प्रश्नचिन्ह. मध्ये जागा सोडायची नाही. उत्तरात "रेडी" आलं तर सिम सापडलं. "सिम पिन" आलं तर सिमला कुलूप आहे, ते साध्या फोनमध्ये घालून आधी काढा. एररबरोबर १० हा आकडा आला तर सिम बसलेलंच नाही. बोर्डवर छापलेल्या आकृतीप्रमाणे ते पुन्हा बसवा. या बोर्डला मायक्रो आकाराचं सिम लागतं. नॅनो सिमला प्लास्टिकची चौकट लावून घातलं तर ते आत सरकतं किंवा तिरकं बसतं.

पालकांसाठी इथे एक कळकळीची विनंती. बँकेला, आधारला जोडलेलं सिम मुलांच्या प्रकल्पात देऊ नका. ते सिम मॉड्यूलमध्ये असताना तुमचे ओटीपी मॉड्यूलकडेच जाणार. प्रकल्पाला घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावरचं वेगळं सिम घ्या आणि त्यावर मेसेज पाठवता येईल असं रिचार्ज आहे ना, ते आधी बघा.

प्रश्न ४ : गाव सापडलंय का?

वीज नीट, बोलणं नीट, सिम नीट, तरी फोन लागत नाही. तेव्हा हा प्रश्न. आणि इथे एक गोष्ट आहे जी बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसते. सिम ८०० एल आणि सिम ९०० ए ही दोन्ही फक्त टूजी मॉड्यूल आहेत.

जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली ती थेट फोरजीवर. त्यांच्याकडे टूजी नाहीच. म्हणून जिओचं सिम या मॉड्यूलमध्ये कितीही वेळ ठेवलं तरी टॉवर सापडणार नाही. यात सिमचाही दोष नाही आणि मॉड्यूलचाही. फोरजीची भाषा बोलणाऱ्या गावात टूजीवाला माणूस गेलाय, एवढंच. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं टूजी आपल्याकडे चालू आहे, पण प्रत्येक वाडीवर सारखं येत नाही.

मग आपल्या शाळेत कोणतं सिम चालेल? अंदाज बांधू नका, तपासा. घरात कुठेतरी जुना, फक्त टूजीवाला डबा फोन पडलेला असतोच. ते सिम त्यात घाला. टॉवर दिसला आणि मेसेज गेला तर त्याच जागी मॉड्यूललाही जमायला हवं. डबा फोन नसेल तर काही अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "फक्त टूजी" असा पर्याय असतो, तो निवडून पाहा. प्रकल्पाला हात लावण्याआधी ही परीक्षा घेतली तर अनेक तास वाचतात.

आता मॉड्यूललाच विचारू. ए-टी अधिक सी-एस-क्यू टाइप केलं की ० ते ३१ मधला आकडा येतो. तो टॉवरच्या ताकदीचा. १० च्या वर असेल तर काम चालतं, ९९ आला तर मोजताच येत नाहीये. ए-टी अधिक सी-आर-ई-जी प्रश्नचिन्ह टाइप केलं की दोन आकडे येतात. त्यातला दुसरा बघायचा.

१ म्हणजे नोंद झाली, आपल्याच गावात.
५ म्हणजे रोमिंगमध्ये नोंद झाली. हेही चालतं.
२ म्हणजे शोधतोय. थोडं थांबा, अँटेना बघा.
३ म्हणजे नेटवर्कने नोंद नाकारली. सिम चालू आहे का ते कंपनीकडे विचारा.
० म्हणजे नोंदही नाही आणि शोधही नाही.

संगणक नसेल तर दिवाच सांगतो. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकला तर अजून शोधतोय. तीन सेकंदांनी एकदा लुकलुकला तर गाव सापडलं. मुलांना हा दिवा वाचायला फार आवडतं. प्रदर्शनात परीक्षकांनी "हा दिवा असा का लुकलुकतोय?" विचारलं आणि मुलीने हे उत्तर दिलं, तर प्रकल्प तिने स्वतः केलाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

आकडा कमी असेल तर मॉड्यूल खिडकीजवळ नेऊन पुन्हा आकडा घ्या. स्प्रिंगची अँटेना नीट झाळलेली आहे का पाहा. पत्र्याच्या शेडमध्ये आकडा का उतरतो, याचा एक छोटा प्रयोगच होतो. मैदानात, वर्गात, पत्र्याखाली अशा तीन जागी आकडे घेऊन स्तंभालेख काढा. प्रदर्शन पत्र्याच्या मांडवात असेल, तर आदल्या दिवशी त्याच जागेवर आकडा घेऊन या.

प्रश्न ५ : निरोप नीट लिहिलाय का?

इथपर्यंत आलेला प्रकल्प जवळपास जिंकलेला असतो. मेसेज पाठवताना मात्र तीन गोष्टी राहतात.

पहिली, आधी ए-टी अधिक सी-एम-जी-एफ बरोबर १ ही आज्ञा द्यायची. म्हणजे "मी अक्षरांत लिहिणार आहे" असं मॉड्यूलला सांगायचं. दुसरी, ए-टी अधिक सी-एम-जी-एस बरोबर नंबर देताना तो अवतरण चिन्हांत आणि अधिक ९१ लावून द्यायचा. तिसरी, मजकूर संपला की कंट्रोल आणि झेड. प्रोग्राममध्ये त्याचा संकेतांक २६. तो दिला नाही तर मॉड्यूल पोस्टमनसारखं दारात उभं राहतं, पाकीट बंद व्हायची वाट बघत.

मुलांना "मोटार चालू झाली" हा मेसेज मराठीतच पाठवायचा असतो, आणि तो जात नाही किंवा भलतीच चिन्हं जातात. कारण या साध्या पद्धतीत इंग्रजी अक्षरंच जातात. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीसाठी यूसीएस २ नावाची वेगळी पद्धत लागते आणि त्यात एका मेसेजमध्ये ७० च मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलंत वेगवेगळे मोजले जातात. पहिल्या फेरीत "मोटार चालू" इंग्रजी अक्षरांत पाठवा. ते जमल्यावर देवनागरीचा प्रयत्न करा. एका मेसेजमध्ये आपल्या भाषेची किती अक्षरं मावतात, हा मराठीच्या तासाचा विषय आहे.

एक शिस्त मात्र पहिल्यापासून लावा. प्रोग्रामने फक्त ठरलेल्या नंबरचंच ऐकायचं. नाहीतर कुणाचाही चुकून लागलेला फोन मोटार चालू करेल. खऱ्या शेतात याचा अर्थ कोरडी चाललेली मोटार किंवा वाहून गेलेलं पाणी.

वहीतला तक्ता

पाच प्रश्न विचारताना प्रत्येक गटाला वहीत चार रकाने आखायला सांगा. काय पाहिलं, काय वाटलं, काय बदललं, काय झालं. आणि एक कडक नियम घाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलं घाईत वायर बदलतात, सिम बदलतात, प्रोग्रामही बदलतात. मग चालू झालं तरी कशाने चालू झालं ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडतं. आपण पाचवी-सहावीत "निरीक्षण, अंदाज, पडताळा" शिकवतो. ते शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी दिसत नाही, कारण इथे मुलांना उत्तर खरंच हवं असतं.

मूल "चालत नाही" म्हणालं की आपण फक्त एवढंच विचारायचं, "कितव्या प्रश्नापर्यंत चालतंय?" "चालत नाही" हे वाक्य दार बंद करतं. "तिसऱ्यापर्यंत चालतं, चौथ्यावर अडलंय" हे वाक्य पुढचा रस्ता दाखवतं. अडलेल्या गणितालाही हाच प्रश्न लागू पडतो, आणि वाचनात मागे पडलेल्या मुलालाही.

सुरक्षेचं

शेतातल्या खऱ्या स्टार्टरला मुलांनी हात लावायचा नाही. थ्री-फेज म्हणजे चारशेहून जास्त व्होल्ट. शाळेच्या प्रकल्पात रिलेवर एलईडी किंवा ५ व्होल्टचा छोटा पंप पुरेसा आहे. त्या पंपाची वीजही मॉड्यूलच्या विजेपासून वेगळी ठेवा, नाहीतर पंप चालू होताच मॉड्यूल बंद पडेल आणि आपण पुन्हा पहिल्या प्रश्नावर येऊ. लिथियम सेलची दोन टोकं एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. झाळकाम मोठ्यांच्या देखरेखीखाली. हा प्रकल्प घरच्या शेतावर बसवायचा हट्ट मुलांनी धरला, तर तिथे तयार मोबाईल स्टार्टरच घ्यावा आणि तो वायरमनकडूनच बसवावा.

नवीन मॉड्यूल घेताना

जगात टूजी हळूहळू बंद होतंय. जपानमध्ये ते २०१२ मध्येच थांबलं, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरमध्येही बंद झालंय. आपल्याकडे लाखो साधे फोन त्यावर चालतात म्हणून ते टिकून आहे. शाळेसाठी आता नवीन खरेदी करणार असाल तर ए ७६७० मालिकेतल्या फोरजी मॉड्यूलचा विचार करा. ते महाग पडतं, पण बऱ्याच आज्ञा त्याच चालतात आणि पाच प्रश्नही तेच राहतात. जुनं सिम ८०० एल मात्र टाकून देऊ नका. शिकायला ते अजून उत्तम आहे.

सहावीपासूनच्या मुलांसाठी "इन्स्पायर अवॉर्ड मानक" योजनेत निवड झालेल्या कल्पनेला प्रतिकृती करायला १०,००० रुपये मिळतात. असा निधी हातात आला की सगळ्यात आधी महागडं मॉड्यूल घेतलं जातं. माझी सूचना उलट आहे. आधी एक मल्टिमीटर, एक चांगला ॲडॉप्टर आणि एक बक कन्व्हर्टर घ्या. मॉड्यूल नंतर.

तुमच्या शाळेत असा प्रकल्प अडलेला असेल, कपाटात एखादं "मेलेलं" मॉड्यूल पडलेलं असेल, तर येत्या शनिवारी ते बाहेर काढा. मुलांच्या हातात द्या आणि पहिला प्रश्न फळ्यावर लिहा. ते कितव्या प्रश्नावर अडलं हे मुलांनी शोधून काढलं, तर त्या दिवशी मोटार चालू झाली नाही तरी चालेल.